एसीएलचं (गुडघ्यातली हाडं जोडणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालंय? आधी गुडघा सरळ कर

भावा, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पाय शिवशिवणारच. पण सुरुवातीला एवढंच बघ:

१. गुडघा पूर्ण सरळ होतोय का? वाकवायची घाई सगळेच करतात, सरळ करायचं राहून जातं आणि मग चाल लंगडीच राहते. झोपताना गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच आखडतो. घ्यायचीच तर टाचेखाली घे. (मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, टाके असतील तर वाकवणं सर्जन सांगतील तेवढंच.)
२. मांडी आवळायचा व्यायाम रोज. कंटाळवाणा आहे, तरी रोज.
३. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

मोठी चूक होते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. दुखणं थांबतं, रंकाळा तलावाला फेरी जमते, आणि तालमीतली पोरं म्हणतात, ‘ये की, नुस्ता गोलकीपर म्हणून उभा राहा.’ जायचं नाही! आत बसवलेलं लिगामेंट तेव्हा कच्चंच असतं. ९ महिन्यांआधी मॅच नको. त्यानंतरही या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आली का, हे फिजिओकडून मोजून घे.

उड्या आणि वळणांचं आत्ता विचारू नकोस, वेळ आली की सांगतो.