आजींसाठी माणूस पारखताना

प्रिय चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. पक्षाघातानंतर आजींच्या डाव्या बाजूचा अशक्तपणा बराच कमी झाला असला तरी त्यांना दिवसा एकटे ठेवणे आता शक्य नाही, म्हणून त्यांना सांभाळण्याच्या कामासाठी तू तिघी मदतनिसांना भेटलास, तिघींची कागदपत्रे पाहिलीस, पूर्वी ज्या घरी त्यांनी काम केले तिथे चौकशीही केलीस, आणि तरीही निवड होत नाही, असे तू लिहितोस. कागदपत्रांची खातरजमा केलीस ते योग्यच झाले. ती पायरी कोणी गाळू नये. मात्र वृद्धांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करताना नव्या मदतनिसांना पारखण्याची माझी पहिली कसोटी फार साधी होती: खोलीत आल्यावर ही व्यक्ती कोणाशी बोलते?

"यांना गोड चालते का, यांना रात्री उठावे लागते का" असे सगळे प्रश्न तुलाच विचारणारी आणि समोर बसलेल्या आजींकडे ओझरते पाहणारी व्यक्ती कितीही अनुभवी असली तरी तिच्याविषयी मी साशंक राहीन. ज्यांचे अंग पुसायचे, ज्यांना उठवायचे-बसवायचे, त्यांची संमती आधी घ्यायची असते, हे तिच्या मनात अजून उतरलेले नाही. बाळाशी बोलावे तशा लाडिक सुरात बोलणाऱ्यांबाबतही सावध राहा. त्यामागे माया असते हे मला मान्य आहे, पण आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेल्या बाईंना तो सूर टोचतो. बोलण्याची पद्धत आणखी एका कारणासाठी पाहायला हवी. उतारवयात ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा उंच पट्टीतले आवाज आधी हरवतात, आणि आपण ओरडू लागलो की आपला आवाज नेमका त्याच पट्टीत चढतो. म्हणून जिला काम कळते ती समोर, नजरेच्या पातळीवर बसते, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी जागा घेते आणि किंचित खालच्या स्वरात, सावकाश बोलते. "त्यांना काही समजत नाही" असे म्हणण्याआधी कानातले यंत्र चालू आहे का, हे ती तपासते.

दुसरी गोष्ट घरच्यांना पटवणे सर्वांत कठीण जाते. जी व्यक्ती आजींची सगळी कामे झटपट उरकते, ती उत्तम असेलच असे नाही. डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये माणसाच्या स्वावलंबनाची जी मोजपट्टी मांडली, तिच्यात सहा साध्या गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठबस, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांतले जे आजींना अजून जमते ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे, कारण वापरात नसलेले स्नायू या वयात फार लवकर क्षीण होतात आणि गेलेली शक्ती परत मिळवायला कितीतरी अधिक दिवस लागतात. आजींना सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे लागत असतील, तर ती दहा मिनिटे हात मागे ठेवून शेजारी थांबणे हे खरे कौशल्याचे काम आहे. म्हणून तिघींनाही सदरा घालायला मदत करून दाखवायला सांग. कपडे घालताना अशक्त हात आधी आणि काढताना सशक्त हात आधी, हा क्रम जिला सांगावा लागत नाही, तिने हे काम केले आहे. अंथरुणातून उठवताना ती काय करते तेही पाहा. अशक्त हाताला धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे यामुळे पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा दुखावू शकतो. आणि झोपलेल्या माणसाला एकदम उभे केले तर रक्तदाब उतरून चक्कर येते, त्यामुळे आधी पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसवायचे असते.

हातांची स्वच्छता, कापलेली नखे, वेळेवर येणे, या गोष्टी तू पाहशीलच.

ज्या गुणाला मी सर्वांत वर ठेवते तो म्हणजे बारीक बदल टिपणे आणि तो लगेच बोलून दाखवणे. आमच्या कक्षातल्या एका मदतनीस बाईंनी एके सकाळी मला येऊन सांगितले, "त्या रोज मला माझ्या मुलीविषयी विचारतात, आज त्यांनी मला ओळखलेच नाही." ताप नव्हता, नाडी ठीक होती, आणि इतर कोणाला काही वेगळे वाटले नव्हते. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. वृद्धांमध्ये संसर्गाची पहिली खूण पुष्कळदा अशी अचानक आलेली गोंधळलेली अवस्था असते. ताप उशिरा येतो किंवा येतही नाही, आणि "वयामुळे होते असे" म्हणून ती खूण सोडून दिली जाते. पाणी पिताना रोज येऊ लागलेला ठसका, घोट घेतल्यावर ओलसर, घरघरणारा आवाज, टाचेवरचा किंवा माकडहाडावरचा दाबूनही न जाणारा लालसर डाग, यांचीही गत तीच. म्हणून मुलाखतीत असे विचार: "पूर्वी तुम्ही ज्यांच्याकडे होतात, त्यांच्यात तुम्हाला आधी कळलेला एखादा बदल सांगा." जिच्याकडे उत्तर असते ती तपशिलात सांगते, आणि सांगताना त्या माणसाच्या सवयीही तिला आठवतात.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे स्वतःची चूक सांगण्याचे धैर्य, आणि इथे माझी एक चूक तुला सांगणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या काळात एका मदतनीस मुलीने गोळी द्यायची राहिल्याचे स्वतःहून कबूल केले, तेव्हा मी तिला सर्वांसमोर कठोर शब्दांत बोलले. पुढे महिन्याभराने तिच्या देखत एक आजोबा न्हाणीघरात घसरले आणि ते तिने मला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी कमरेवरचा काळानिळा डाग मीच पाहिला. तिला लपवायला मी शिकवले होते. तू जिला नेमशील तिला पहिल्याच दिवशी सांग की चुकलेली गोळी नंतर दुप्पट देऊन भरून काढायची नाही, ती वहीत लिहायची आणि तुला कळवायची. आणि ती कळवेल तेव्हा तुझा आवाज चढू देऊ नकोस.

तिघींपैकी एकीने स्वतःच्या विश्रांतीचे तास आणि सुटीचा दिवस आधी विचारला, म्हणून ती तुला कामचुकार वाटली, असे तू लिहिले आहेस. मला ती समजूतदार वाटते. रात्रंदिवस एकटीने सांभाळणाऱ्या माणसाचा संयम संपतो आणि त्याचा त्रास आजींनाच होतो. ज्या बाईंना आपल्या थकव्याची मर्यादा ठाऊक आहे, त्या ती मर्यादा येण्याआधी तुला सांगतील.

आता कोणा एकीला चार दिवस येऊन पाहायला सांग, आणि त्या दिवसांचा मोबदला पूर्ण दे. दुसऱ्या दिवशी तू थोडा वेळ खोलीबाहेर थांब. संध्याकाळी त्या गेल्यावर आजींजवळ एकटा बस, आणि अंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना त्यांना कसे वाटले, ते विचार. त्या लगेच उत्तर देणार नाहीत, तर घाई करू नकोस. त्या काय म्हणाल्या ते मला त्यांच्याच शब्दांत लिहून कळव.