ध्रुव डोक्यावर नसतो हो! तारांगणाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सुट्टीत पोरांना कुठं न्यायचं त्यावर लिहिलं होतं, त्यात तारांगणाचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता. पण पत्रं आणि मेसेज आले ते सगळे त्या ओळीवरच. त्यातले काही निवडून इथं घेतलेत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि जावेची मुलगी नऊची. दोघांना तारांगण दाखवायचंय. त्यासाठी मे महिन्यात मुंबईला न्यायचं का, की गोव्यात काही आहे? मुलगा अंधाराला घाबरतो, थिएटरात एकदा रडून बाहेर आणावं लागलं होतं. – एक आई, फोंडा

फक्त तारांगणासाठी मुंबई नको. मुंबईला जाणारच असाल तर वरळीचं नेहरू तारांगण नक्की दाखवा, 1977 पासून आहे, मोठा घुमट म्हणजे काय ते तिथं कळतं, मराठी शोची वेळ तेवढी आधी बघून घ्या. पण आधी मिरामारला जा ना, आपलं गोवा सायन्स सेंटर आहे तिथं, फोंड्याहून तासाभराचा रस्ता. तारामंडळाचा शो किती वाजता आणि कुठल्या भाषेत ते निघायच्या आधी फोनवर विचारा, कारण शाळांच्या ट्रिपा असल्या की वेळा पुढं-मागं होतात आणि मग पोरांना घेऊन बागेत दोन तास काढावे लागतात.

नऊ वर्षांच्या मुलीची काळजीच नको, तिचं वय अगदी बरोबर आहे. पाच वर्षांच्याला न्यायचं की नाही ते शो कसला आहे त्यावर ठरवा. हल्ली तारांगणात दोन प्रकार चालतात. एकात घुमटावर फिल्म असते, म्हणजे ब्लॅकहोल, रॉकेट, डायनासोरवर पडणारा उल्का-दगड वगैरे, आवाज मोठा, सगळं गरगर फिरतं, आणि खरं सांगायचं तर त्यात रात्रीचं आकाश असं फारसं नसतंच. दुसऱ्या प्रकारात माणूस माईक घेऊन उभा राहतो, लेझर टॉर्चनं तारे दाखवतो, पोरांना प्रश्न विचारतो. लहानग्याला दुसऱ्या प्रकाराला न्या. त्यात उजेड हळूहळू कमी होतो, आधी सूर्य मावळताना दाखवतात, त्यामुळे थिएटरसारखा एकदम काळोख होत नाही. तरी दाराजवळची खुर्ची धरा, मधेच उठून जाता येतं का ते आधी विचारा, आणि "चक्कर आल्यासारखं झालं तर डोळे मिटायचे, पडत नाही आपण" हे त्याला घरीच सांगून ठेवा. एवढं करून रडलाच तर बाहेर आणा, पुढच्या वर्षी परत जाता येईल.

प्रश्न : नात मुंबईला तारांगण बघून आली आणि सांगते की ध्रुवतारा खूप वर असतो, सगळ्यात मोठा चमकणारा तारा तोच. आमचं वय झालं पण साखळीत अंगणात बसून इतकी वर्षं आकाश बघितलं, ध्रुव म्हणून नीट कधी दिसलाच नाही. आमचंच चुकतंय काय? – एक आजोबा, साखळी

आजोबा, तुमचं काही चुकत नाही. नातीचा शो बहुतेक दुसऱ्याच कुठल्या देशाच्या आकाशाचा होता. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे जरा लांबण लागणार.

ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसणार ते तुम्ही पृथ्वीवर कुठं आहात त्यावर ठरतं, जितके अक्षांश तितके अंश. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुव उत्तर क्षितिजाच्या वर साडेपंधरा अंश, बास. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, म्हणजे आपल्याकडं ध्रुव फक्त दीड मूठ वर. दिल्लीला जवळपास तीन मुठी, लंडनला पाच. आता साखळीला उत्तरेकडं डोंगर, माड, शेजाऱ्याची दुमजली माडी, त्यात खाली धुरकट हवा, दीड मुठीत काय दिसणार? बऱ्याच फिल्मी शो बाहेरच्या देशात बनतात, इकडं फक्त आवाज बदलतात, मग त्यात ध्रुव ऐटीत वर बसलेला आणि सप्तर्षी "कधीच मावळत नाहीत". आपल्याकडं सप्तर्षी मावळतात की! पावसाळ्यानंतर संध्याकाळी शोधून बघा, नाही सापडणार.

आणि सगळ्यात तेजस्वी तारा म्हणजे ध्रुव, हे तर कुणी पसरवलं देव जाणे. तेजस्वीपणात त्याचा नंबर पहिल्या चाळीसातही लागत नाही. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा म्हणजे व्याध. ध्रुवाचं महत्त्व एवढंच की तो जवळपास एका जागी राहतो. बघायचाच असेल तर एप्रिलमध्ये रात्री नऊच्या आसपास उत्तर मोकळी असेल अशा सड्यावर जा, सप्तर्षींच्या चौकोनातले शेपटीपासून लांबचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, जोडा, तीच रेघ क्रतूच्या बाजूनं साधारण पाचपट पुढं न्या. तिथं जो एकटा मध्यम तारा दिसेल तो ध्रुव.

पण नातीला मी दक्षिणेकडं बघायला लावलं असतं. ध्रुव खाली गेल्याची भरपाई तिकडं मिळते आपल्याला. फेब्रुवारीत रात्री नऊला दक्षिणेला तोंड करा, वर व्याध आणि त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून दोन मुठींच्या थोडा वर, अगस्त्य. तेजात दुसरा नंबर त्याचा, आणि लंडनवाल्यांना तो जन्मात घरून दिसत नाही. मेच्या मध्यात साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू, तोही दक्षिणेला दीड मूठ वर, चार ताऱ्यांचा छोटा क्रूस, आणि डाव्या हाताला मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. दिल्लीत त्रिशंकू क्षितिजालाच घासतो, पूर्ण दिसतही नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊला मान पूर्ण मागं टाका, जवळपास बरोब्बर डोक्यावर लालसर रोहिणी. हे आपलं गोव्याचं आकाश. म्हणून शो कुठंही असो, ऑपरेटरला सुरुवातीलाच सांगायचं की "गोव्याचं आकाश लावा, साडेपंधरा अक्षांश, आज रात्रीचं." डिजिटल मशीन असेल तर हे बटणाचं काम आहे, आणि जो ऑपरेटर "तसं होत नाही" म्हणाला त्याच्याकडं फक्त फिल्म आहे असं समजा.

तुम्ही साखळीचे म्हणून अजून एक. कार्तिक पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत होड्या सोडतात त्या रात्री चंद्र कृत्तिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या एका छोट्या झुबक्याच्या, आसपास असतो, पण त्याच्या उजेडात त्या पुसट होतात. चारपाच दिवस थांबा, चंद्र उशिरा उगवायला लागला की आठ वाजता पूर्वेला नातीला कृत्तिका मोजायला लावा. सहा म्हणते की सात ते मला कळवा.

प्रश्न : आमच्या शाळेत फुगवायचा तारांगण घुमट घेऊन यायला एकजण तयार आहेत. हेडमास्तर म्हणतात दोनशे मुलं एका दिवसात आटपा. जमेल का? काय विचारून घ्यावं? – एक शिक्षिका, पेडणे

बाई, नाही जमणार, म्हणजे उरकेल पण पोरांना काही मिळणार नाही. पाच मीटरच्या घुमटात सतरंजीवर दाटीवाटीनं पंचवीस-तीस मुलं बसतात. दोनशे म्हणजे सात-आठ खेप, प्रत्येक खेपेला चपला काढा, बोगद्यातून रांगत आत जा, बसा, मग अर्धा तास शो, मग परत रांगत बाहेर. चौथ्या खेपेला सांगणाऱ्याचा घसा बसतो आणि तो गपचूप रेकॉर्डिंग लावून मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोन दिवस घ्या, नाहीतर तिसरी ते सातवीच घ्या आणि बाकीच्यांना पुढच्या वर्षी.

जागा आधी मोजा. असा घुमट साधारण साडेतीन मीटर उंच असतो, वर्गाच्या छताला पंखे असतात, तिथं मावत नाही, त्यामुळे हॉलच लागतो. घुमट पंख्याच्या हवेवर उभा राहतो, तो पंखा सतत घुं घुं करतो, म्हणून सांगणाऱ्याकडं माईक हवा. करंट गेला तर घुमट हळूहळू खाली बसतो, घाबरण्यासारखं काही नसतं पण एक टीचर आत आणि एक बोगद्याच्या तोंडाशी हवीच. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आत जीव घुसमटतो, सकाळच्या खेपा ठेवा. माझं विचाराल तर जुलै-ऑगस्ट बेस्ट, बाहेर तसंही पाऊस, आकाश दिसायची बातच नको, पोरं कंटाळलेली. फक्त पावसात शो केला तर डिसेंबरचं आकाश लावायला सांगा म्हणजे चतुर्थी-दिवाळी आटपून आकाश मोकळं झालं की मुलांना तेच बाहेर सापडेल.

आणि त्या माणसाला बुकिंगच्या आधी विचारायचं ते हे : आत बोलणार कोण, तुम्ही की स्पीकर? मराठीत की कोकणीत? मुलांनी मधे प्रश्न विचारला तर थांबवता येतं का? यावर गडबडला तर पैसे वाचवा आणि स्टेलॅरियम नावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट मिळतं ते प्रोजेक्टरवर लावा. त्यात पेडणे टाकलं की पेडण्याचं आकाश येतं. घुमटाची मजा नाही येणार पण खोटंही शिकवलं जाणार नाही.

(आणि शाळेत तारांगण म्हणजे काही नवं फॅड नव्हे. पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली तारांगण झालं, कोलकात्याच्या बिर्ला तारांगणाच्याही आधी. हेडमास्तरांना हे जरूर ऐकवा.)

प्रश्न : मी सातवीत आहे. शोमध्ये हजारो तारे होते आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून मला वीसच मोजता आले. मग खरं कुठलं? – मडगाव

दोन्ही खरं. नुसत्या डोळ्यांनी अगदी काळोख्या जागी एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात, शोमध्ये साधारण ते दाखवतात, काही ठिकाणी जरा जास्तच टाकतात सुंदर दिसावं म्हणून. मडगावात रस्त्याचे दिवे, हॉटेलांचे बोर्ड, लग्नाच्या हॉलचे फोकस, तो सगळा उजेड वर धुळीवर आणि बाष्पावर पसरतो आणि मंद तारे त्यात बुडतात. दुसरं म्हणजे तू गच्चीवर गेल्या गेल्या मोजले असणार. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मधे एकदा जरी मोबाईल बघितला तरी पहिल्यापासून सुरू. बाबांना सांग, अमावास्येच्या आसपास काणकोणकडं ने. आगोंद, गालजीबागला जाणार असाल तर पांढरा टॉर्च अजिबात नको, नोव्हेंबरपासून तिथं कासवं अंडी घालायला येतात, त्यांना उजेडाचा त्रास होतो. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायचा, तोही खाली धरून. तसाही तारे बघायला लालच उजेड चांगला.

तुझ्या वीसमधे रोहिणी होती का बघ. तिचा प्रकाश आपल्याकडं यायला साधारण 65 वर्षं लागतात, म्हणजे आज दिसतो तो निघाला तेव्हा 1961 च्या आसपास, गोवा मुक्त झाला तेव्हाचा. आजीला विचार त्यावेळी ती काय करत होती.

प्रश्न : शोमध्ये बारा राशी दाखवल्या. मग पत्रिका पण खरीच ना? – म्हापसा

नाही. राशी म्हणजे आकाशातल्या खाणाखुणा, पत्ता सांगायला उपयोगी, त्याच्या पुढं काही नाही. शिवाय सूर्य वर्षभरात बारा नव्हे तेरा तारकासमूहांतून जातो, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो भुजंगधारीत असतो. भुजंगधारी राशीचा एक तरी नवरा मुलगा ऐकलाय का?

प्रश्न : शो बघून आल्यापासून मुलगा टेलिस्कोपसाठी हट्ट धरून बसलाय. ऑनलाईन तीन-चार हजारांत मिळतोय, घेऊ का? – एक बाबा, वास्को

तो नका घेऊ. खोक्यावर "450 पट" असं काहीतरी लिहिलेलं असतं पण स्टँड इतका लटपटतो की चंद्रसुद्धा भिंगात धरता येत नाही, दोन दिवसांत माळ्यावर जातो. त्याऐवजी 10×50 चा चांगला बायनॉक्युलर घ्या, समुद्रावर बोटी बघायलाही होतो, म्हणजे पैसे वायाही जात नाहीत. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवायचे म्हणजे हात हलत नाही. शनीची कडी दिसणार नाहीत, ते त्याला आधीच सांगा नाहीतर नाराज होईल. पण चंद्रावरचे खड्डे अष्टमीच्या आसपास मस्त दिसतात, आणि गुरू संध्याकाळी वर असेल त्या महिन्यांत त्याच्या शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात, दोन, तीन, कधी चार. ते त्याचे चंद्र. वहीत तारीख घालून काढायला लावा, दुसऱ्या रात्री जागा बदललेल्या असतात. गॅलिलिओनं 1610 च्या जानेवारीत रोज हेच केलं होतं. महिनाभर मुलानं न कंटाळता काढले तर मग टेलिस्कोपचं बोलू, तेव्हा परत लिहा, कुठला घ्यायचा ते सांगते.