रिझल्ट उलटा आला म्हणून टॉपिक सोडू नकोस

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. आठ महिने टी सेल, शरीराच्या त्या शिपाई पेशी, वाढवतेयस आणि ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी समोर ठेवल्या की त्यांना मारायचं सोडून टी सेल गप्प बसतात, गाइड म्हणतात टॉपिक बदल, घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. टॉपिकचं नंतर बघू, आधी परळची एक गोष्ट ऐक, तू रोज जातेस त्याच भागातली.

1928 मध्ये ल्युसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली, गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं ते शोधायला. तिचं बरंचसं काम परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत झालं. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर त्या बायकांचं रक्त सुधारलं, आणि त्यात जे होतं तेच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून कळलं. मग बोस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडच्याच जातीची द्रव्यं देऊन बघितली, तर आजार उलट भडकतोय असं दिसलं. दुसऱ्या कुणी विषय तिथंच सोडला असता. फार्बरनी विचार केला की यानं आजार वाढतो तर याला अडवणारं काहीतरी देऊ, आणि तसं अडवणारं औषध, अमिनोप्टेरिन, बनवलं होतं आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या टीमनं. 1948 च्या पेपरात 16 मुलं आहेत, त्यातल्या 10 जणांना फरक पडला, थोड्या दिवसांसाठीच, पण पडला. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही लहान मुलांच्या ल्युकेमियात देतात.

म्हणून तुला सांगते, तुझ्या गप्प बसलेल्या पेशींना आधी नीट प्रश्न विचार. निरोगी डोनरच्या टी सेल त्याच ट्यूबमध्ये मारतात का? मारत असतील तर दोष पेशंटच्या पेशींचा, केमोनंतर त्या थोड्याच उरतात आणि थकलेल्या असतात, टी सेल थकल्याची खूण असलेलं पीडी-1 बघितलंस का? त्याही मारत नसतील तर मग समोरच्या पेशींवर तुझं टार्गेट तरी आहे का ते बघ. कार-टी, म्हणजे कॅन्सर ओळखायला शिकवलेल्या टी सेल, घेतल्यावरसुद्धा काही पेशंटचा आजार परत येतो तो असाच, कॅन्सरच्या पेशी अंगावरची सीडी19 ही खूणच टाकून देतात आणि टी सेलला त्या ओळखूच येत नाहीत. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेल्या आपल्या कार-टीला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा मी ट्रेनमध्ये बातमी वाचून रडले होते, पण तिथंही हा प्रश्न संपलेला नाही. त्यावर काम करायला माणसं हवीयत, तुझ्यासारखी.

आता माझी चूक सांगते, कारण तू ती करायच्या वाटेवर आहेस. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ल्युकेमिया झालेल्या एका मुलाचं मॅरो, म्हणजे हाडातला मगज, माझ्याकडे आलं, जांभळ्या झाकणाची ट्यूब, अजून कोमट होती. पेशी वेगळ्या करणाऱ्या फिकॉल द्रावणावर चढवलं, सेंट्रिफ्यूज केलं, पेशींची पांढरट रिंग छान बसली, पण फ्लोमध्ये, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्रात, सीडी10 ही ल्युकेमियाच्या पेशींवरची खूण अगदी फिकट दिसली. मी वहीत लिहिलं 'सॅम्पल खराब' आणि ट्यूब टाकून दिली. त्याचे स्टिरॉइड चालू होते, आणि स्टिरॉइड चालू असताना सीडी10 उतरतो हे मला खूप नंतर कळलं. वही उघडली तर किती वाजता सॅम्पल आलं, उपचारांच्या कितव्या दिवसाचं होतं, काहीच लिहिलेलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोराच्या हाडात सुई घालून काढलेला तो मॅरो होता गं, आणि मी त्याला दोन शब्दांत निकालात काढलं.

फेलोशिप उशिरा येते, खरंय, आणि मुंबईत भाडं थांबत नाही. त्याबद्दल वेगळं बोलू, माझ्या ओळखीत एकदोन प्रोजेक्टच्या जागा आहेत, विचारते. आईला सांग की परीक्षेचा फॉर्म भरलास तरी माझी काही हरकत नाही, पण निर्णय दमलेल्या डोक्यानं घेऊ नकोस.

शनिवारी अकराला ये. लॅपटॉप नको, वह्या आण, आठही महिन्यांच्या, आणि ज्या पानांवर तू काट मारलीयस ती आधी उघडू.

तुझी,
मॅडम