विटेने अडवलेले फाटक

*“आमचा पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो, मागच्या मंगळवारी संध्याकाळी मांजरामागे रस्त्यावर धावला आणि समोरच्या इमारतीतल्या मुलाच्या स्कूटरखाली आला. मागचा पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, शनिवारी तो घरी येईल. तो मुलगाही पडला, मनगटाला प्लास्टर आहे. फाटकाची कडी जूनपासून लागत नाही म्हणून आम्ही वीट लावतो. त्या दिवशी कामाच्या मावशींनी ती परत सरकवली नाही. मुलाच्या घरून साधी चौकशीही झाली नाही. त्यांच्याकडे खर्च मागावा, की पोलिसांत तक्रार करावी?” — एक दुखावलेली आई, कोथरूड*

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या विटेपाशीच थांबले. तुम्ही ती अर्ध्या वाक्यात उरकली आहे. जूनमध्ये कडी लागेनाशी झाली. त्यानंतर पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, गणपती बसले आणि उठले, नवरात्र सरले, आणि एवढ्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस येता-जाता ती वीट पायाने सरकवत राहिले, पण वेल्डिंगवाल्याला बोलवावे असे कुणालाही वाटले नाही. बिजागरी झिजून फाटक बोटभर खाली बसले की कडी कोयंड्यासमोर येत नाही, एवढाच बहुधा त्यातला बिघाड असेल.

मावशींना दोष देणे आधी थांबवा. एका घरचे काम आटोपून दुसऱ्या घरी निघालेली बाई वीट लावायला विसरू शकते. कडी असती तर तिला काही लक्षात ठेवावेच लागले नसते.

आता त्या मुलाविषयी. ताशी ३० किलोमीटर म्हणजे गल्लीतला साधा वेग, पण त्या वेगाने स्कूटर एका सेकंदात आठ मीटरहून अधिक पुढे जाते. फाटकातून झेपावलेले कुत्रे चालकाला दिसून त्याचा हात ब्रेकवर जाईपर्यंत जवळजवळ तेवढे अंतर संपलेले असते. मांजरामागे लागलेल्या कुत्र्याला ना हाक ऐकू येते, ना हॉर्न. त्याला वाहनाचा अंदाज नसतो, म्हणून तो अंदाज त्याच्या माणसांनी घ्यायचा असतो. पोलिसांचे म्हणाल, तर आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चौकीत जाऊन बसलात तर पहिला प्रश्न फाटकाबद्दलच विचारला जाईल, आणि तुमच्यापाशी उत्तर नाही.

मी कठोर बोलते आहे, कारण मला शनिवार दिसतो आहे. ब्रूनो गाडीतून उतरेल, मागच्या पायावरचे केस भादरलेले असतील, टाक्यांना तोंड लावू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा गोल असेल, आणि तरीही तुम्हाला पाहून तो शेपटी हलवेल. असे हाड जुळून यायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात आणि तोवर एक धाव, एक उडी सगळी शस्त्रक्रिया वाया घालवू शकते. त्यात दिवाळी तोंडावर आली आहे. सुतळी बॉम्बच्या आवाजाने बिथरलेले तीस किलोचे कुत्रे विटेला जुमानत नाही. ती ढकलून ते दुखऱ्या पायानिशी पुन्हा त्याच रस्त्यावर जाईल.

म्हणून उद्या सकाळी वेल्डिंगवाल्याला बोलवा. नवी बिजागरी, नवी कडी, आणि जमल्यास फाटक आपोआप मिटेल अशी स्प्रिंग लावून घ्या. काम पुरे होईपर्यंत समोर उभ्या राहा, कडी स्वतःच्या हाताने चार वेळा लावून पाहा आणि ती वीट उचलून अंगणाबाहेर टाका. अंगणातही ब्रूनोला पट्ट्याशिवाय सोडू नका.

मग त्याच संध्याकाळी समोरच्या इमारतीत जा. तिथून कुणी चौकशीला आले नाही, कारण ते तुमच्याच येण्याची वाट पाहत असणार. खर्चाचा कागद घरी ठेवा. त्या मुलाजवळ बसा, हात कसा आहे ते विचारा, त्याच्या औषधोपचाराचे पैसे तुम्ही देणार असल्याचे त्याच्या आईला सांगा, आणि निघण्याआधी स्पष्ट शब्दांत म्हणा, “फाटक आमचे उघडे होते. आज नीट करून घेतले आहे.”