निवडणुकीचं भाषण ऐकून किंवा खेळातली बातमी वाचून माणूस खरंच आतून हलतो का, की तो नुसता दोन दिवसांचा उमाळा असतो?

"दोन दिवसांचा उमाळा" वाचलं आणि लिहायला बसलो, कारण हेच शब्द माझ्या दादानं २००८ साली मला फोनवर ऐकवले होते.

तेव्हा मी अमेरिकेत आयोवा राज्यात, डे मॉइनला, एका इन्शुरन्स कंपनीच्या प्रोजेक्टवर होतो. आयोवा म्हणजे मका आणि कुस्ती. कुस्ती खरंच, तिथं पोरं शाळेपासून मॅटवर असतात. आमच्या टीममध्ये टेस्टिंग बघणारा एक पन्नाशीचा माणूस होता, कॉलेजात कुस्ती खेळलेला, दोन्ही कान चेपून गोळा झालेले. पहिल्या दिवशी मी त्याच्या कानांकडेच बघत राहिलो, कारण तसेच कान मी जन्मापासून घरात बघत आलोय. वडील कराडकडचे, तालमीत वाढलेले. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या गावापासून सायकलच्या टप्प्यात.

२० ऑगस्टला बुधवारी सकाळी ऑफिसात पोचलो तर हा माझ्या डेस्कपाशी उभा. म्हणाला, तुमच्या माणसानं आमच्या माणसाला हरवलं. मला काही पत्ताच नाही! बीजिंग ऑलिंपिकमध्ये ६६ किलोत सुशील कुमार पहिलीच कुस्ती युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला होता, पण स्टाडनिक फायनलला गेला म्हणून सुशीलला रेपेचेजमधून परत संधी मिळाली, तिथं त्यानं आधी डग श्वाबला हरवलं, जो आयोवाचा आणि ज्याला आमचा हा पैलवान कॉलेजपासून बघत आलेला, आणि मग अजून दोन कुस्त्या मारून ब्राँझ. आपला माणूस हरला तरी हा माझा हात धरून हलवत होता.

कॉलिंग कार्ड काढून घरी फोन लावला. वडील थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "छप्पन वर्षं लागली रं." १९५२, हेलसिंकी, खाशाबांचं ब्राँझ, आणि मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं की दोन कुस्त्या लागोपाठ लावल्या, मध्ये विश्रांती दिली नाही आणि तक्रार करायला आपला एक अधिकारी तिथं हजर नव्हता. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता.

आठवड्यानं, २८ ऑगस्टला, पैलवानानं मला घरी बोलावलं, ओबामाचं राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारतानाचं भाषण बघायला. डेन्व्हरचं फुटबॉल स्टेडियम, ८४ हजारांच्या आसपास लोक, आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या १९६३च्या भाषणाला त्याच दिवशी ४५ वर्षं झालेली. हा गडी जानेवारीत कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेला, जाऊन ओबामाच्या घोळक्यात उभा राहिलेला, तेव्हा तिथं उमेदवारानुसार वेगवेगळे गट करून डोकी मोजायचे. भाषणात इंडियानातल्या एका कामगाराचा किस्सा आला, वीस वर्षं वापरलेली मशीन स्वतःच्या हातानं पॅक करून चीनला पाठवायला लागली आणि घरी जाऊन सांगताना त्याला आपण हरलो असं वाटलं. पैलवानाचा सख्खा भाऊ जवळच्याच गावात कारखान्यात होता, तो कारखाना आदल्या वर्षी बंद पडलेला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही आलं.

आणि पुढे ते वाक्य आलं, की नोकऱ्या देशाबाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांच्या टॅक्स सवलती मी बंद करीन. स्टेडियम उसळलं. पैलवानानं टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. एक शब्द बोलला नाही. ते वाक्य मला लागलं, कारण असल्या बाहेर दिलेल्या कामावरच माझं पोट होतं, आणि त्याचं हात खाली घेणं त्याहून जास्त लागलं.

दादाला सांगितलं तर तो भडकलाच. जो तुझ्या पोटावर पाय द्यायची भाषा करतोय त्याच्यासाठी रडतोस? तुला तिथं मत तरी आहे का? आणि सुशीलचं पदक काय, उद्या विसरतील, दोन दिवसांचा उमाळा!

डिसेंबरात माझा प्रोजेक्ट बंद झाला, मी पुण्याला परत आलो, आणि दादा म्हणाला बघ, बोललो होतो. दादा, ओबामानं शपथ घेतली २० जानेवारी २००९ला. माझं काम त्याच्या आधी गेलं, सप्टेंबरात लीमन ब्रदर्स बँक बुडाली आणि सगळ्यांनी खर्च आवळले त्यात गेलं. हे मी तेव्हाही सांगत होतो, तू ऐकत नव्हतास. आणि मत नसलेल्यानं रडू नये हा कुठला नियम? वडिलांनी कुठल्या फेडरेशनला मत दिलं होतं? छप्पन वर्षं मनात ठेवलंच ना?

म्हणून माझं मत विचाराल तर माणूस हलतो, आणि ज्यांना उमाळा वाटतो त्यांनी हायलाइट्स बघितलेल्या असतात. भाषण पूर्ण ऐका, त्यातलं तुमच्याबद्दलचं वाक्य येईपर्यंत ऐका. ते झोंबलं तरी आधीचं रडणं खोटं ठरत नाही.

आता हेही खरं की भाषण म्हणजे कायदा नव्हे. आणि सुशीलला २०२१ मध्ये खुनाच्या प्रकरणात अटक झाली, त्याबद्दल मला काही सफाई द्यायची नाही, मी त्या एका सकाळबद्दल बोलतोय.

निघायच्या दिवशी पैलवानानं खाशाबांचं नाव माझ्याकडून एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि मॉनिटरला चिकटवलं. वडिलांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, "कुणी, गोऱ्यानं? खाशाबांचं नाव?"