घर, देवधर्म आणि गावकी सांभाळून लिहिणं होतं का? की काहीतरी सोडावंच लागतं?

ताई, तुम्ही मूळच्या पारोळ्याच्या, नोकरीला पुण्यात. घर, सासरचे कुळाचार आणि सोसायटीच्या कमिटीचं काम यांतून कवितेला वेळ उरत नाही, तर यातलं नेमकं काय सोडावं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की आई अजून आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हणते, तुम्हाला मात्र त्यातल्या दोन ओळीही धड येत नाहीत. मला तर खरा प्रश्न तोच वाटला.

आधी सोडण्याचं सांगते. सोडावं लागतं. मी अमळनेर तालुक्यातली, घर शेतीचं, कपाशी आणि दादर ज्वारी. अहिराणीत कविता लिहिते, तालुक्याच्या कार्यक्रमात कुणी बोलावलं तर वाचते. एक टर्म ग्रामपंचायतीत सदस्य होते आणि दुसऱ्यांदा उभी राहिले नाही. पण ते कवितेसाठी सोडलं असं सांगितलं तर खोटं होईल. निवडणुकीचा खर्च आणि त्या महिनाभरात बघावी लागणारी तोंडं, दोन्हींचा कंटाळा आला होता. माणसं कवितेसाठी काही सोडत नाहीत, सुटलेल्या गोष्टीला मागाहून कवितेचं नाव देतात, असं माझं मत आहे. कुणाला पटत नसेल तर राहू द्या.

आता खान्देशात बाईच्या लिहिण्याचा विषय निघाला की बहिणाबाईंचं नाव निघतंच. "त्यांनी नाही का घरोट ओढता ओढता एवढं केलं? तुम्हाला तर मिक्सर आहे, गॅस आहे." घरोट म्हणजे जातं. हे मी सासरी ऐकलं, माहेरी ऐकलं, एका सूत्रसंचालकाच्या तोंडून तर माइकवर ऐकलं. मला याचा राग येतो. असोद्याची लेक, जळगावात दिलेली, तरुणपणीच विधवा झालेली, अक्षरओळख नसलेली ती बाई शेतात राबली, कारण दुसरा इलाज नव्हता. तिच्या कष्टाचा दाखला काढून आजच्या सुनांच्या डोक्यात हाणायचा, हा कुठला सन्मान?

शिवाय त्या गोष्टीतला अर्धा भाग लोक गाळतात. गाणी बहिणाबाईंनी रचली, कागदावर उतरवली ती त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. म्हणजे त्यांच्या हयातीत पुस्तक नव्हतंच. मला राहून राहून वाटतं, त्या काळात असोद्यात, भादलीत, आमच्या बोरी नदीकाठच्या गावांत पहाटे घरोघर घरोट फिरत होते आणि प्रत्येक घरोटावर कुणी ना कुणी गात होतं. सगळ्याच काही बहिणाबाई नसतील, कबूल. पण ज्या असतील त्यांच्यातल्या कितीजणींचा मुलगा कवी निघाला? शेजारी कागद घेऊन कोण बसलं?

धुळ्याचंही तेच. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे, असे अठरा रविवार. साने गुरुजी तिथंच कैदेत होते, त्यांनी ते बोलणं उतरवून घेतलं. आज घराघरात 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे ते त्यामुळे. गुरुजींचा हात त्याआधीच बसलेला होता म्हणा. अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. रोज.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की वेळ ही नंतरची गोष्ट. लिहिण्याला आधी एक ऐकणारं, लिहून घेणारं माणूस लागतं. ते घरात मिळालं तर नशीब, नाहीतर आपणच कुणाचं तरी तसं माणूस व्हायचं. त्यातून आपलं लिहिणंही सुटतं, माझं तरी तसंच सुटलं.

आमचे मिस्टर कवितेच्या वाटेला जात नाहीत. माझी कविता छापून आली तर पेपर घडी करून ठेवतात, वाचतात की नाही मला माहीत नाही. पण कपाशी निंदताना मी काही पुटपुटले असेन तर रात्री जेवताना हमखास विचारतात, "दुपारले काय म्हनी ऱ्हायंती, लिखं का?" नवऱ्यानं प्रोत्साहन द्यावं वगैरे मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, मला हा प्रश्न पुरतो.

माझी सुरुवात सासूबाईंच्या कानबाईच्या गाण्यांपासून झाली. तुम्हाला कानबाई सांगायला नको, पण पुण्यामुंबईचं कुणी हे वाचत असेल तर: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला मुखवट्यासारखं सजवायचं, नथ, डोरलं, साडी, सगळं. भाऊबंद कुठंही असोत, सुरतेहून, पुण्याहून येतात. रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, स्वयंपाक, रात्रभर जागरण आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. सासूबाईंना त्या रात्रीची सगळी गाणी पाठ. आम्ही सुना त्यांच्यामागे शेवटचा शब्द ओढायचो, बास.

एकदा मी हौसेनं त्यांना खुर्चीवर बसवलं, मोबाइल समोर धरला आणि म्हटलं, म्हणा. एक कडवं झालं आणि गाडी थांबली. पुढचं आठवेना. मोबाइलकडे बघून पदर सारखा करायच्या, घसा खाकरायच्या आणि परत पहिल्यापासून. मी नाद सोडला. दुसऱ्या दिवशी त्या परातीत रोटाची कणीक तिंबायला बसल्या आणि तेच गाणं सरळ बाहेर आलं, मधलं विसरलेलं कडवंसुद्धा. गाणं डोक्यात नव्हतंच, मनगटात होतं. मी हाताला लागला तो कागद घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत सुटले. अर्ध्या ओळी कणकेच्या बोटांनी पुसल्या गेल्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी व?" मी म्हटलं, तुमचंच. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लिखी ले. मंग तुले कोन सांगी?" आणि आवाज जरा मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून.

पण ही गाणी छापायची नाहीत, असंही त्यांनीच सांगितलं. व्हिडिओ तर नाहीच. देवीचं गाणं देवीसमोर म्हणायचं, ते दुनियेला कशाला? माझा जीव वरखाली झाला. एवढं सोनं हातात आणि वहीत कोंडून ठेवायचं? वाद झाले. शेवटी मी ऐकलं. वही घरात आहे, ज्या सुनेला, पोरीला पाहिजे ती उतरवून घेते. मला अजूनही वाटतं की छापली पाहिजेत. पण गाणं त्यांचं, देवी त्यांची, मी फक्त लिहून घेणारी. लिहून घेणाऱ्यानं मालक व्हायचं नसतं.

माझं मी जे लिहिते त्यावर मात्र मी कुणाचा लगाम चालू देत नाही. आमच्याकडे रोटाचं धान्य घरातल्या पुरुष माणसांच्या नावानं मुठी मोजून घेतात. मुलींची मूठ नसते. मी त्यावर कविता केली आणि तालुक्याला वाचली. भाऊबंदांत गरमागरमी झाली. घरचं चव्हाट्यावर मांडलं, देवीची टिंगल केली, असं एका चुलत दिरांनी फोन करून ऐकवलं. मी टिंगल केली नव्हती, उपास धरून रात्रभर जागणाऱ्या बाईला तेवढं विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं. मूठ अजून तशीच मोजली जाते, कवितेनं काही बदललं नाही. हां, माझ्या पुतणीनं यंदा सगळ्यांसमोर आजीला हेच विचारलं. सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. ओरडल्याही नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना यातलं वजन कळेल.

श्रद्धा असली की प्रश्न विचारायचे नाहीत, आणि प्रश्न विचारायचे तर देव्हारा बंद करायचा, ही वाटणी मला मान्यच नाही. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले ते साने गुरुजीच. त्यांनी देव सोडला नव्हता. देवावर हक्क सांगणाऱ्यांशी भांडण होतं.

गावकीचं सांगते. तुमची सोसायटी आणि आमची ग्रामपंचायत यात फारसा फरक नसावा. 2011 पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. सुरुवातीला शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, "ताई, इथं सही करा." सहीच्या वरचं पान कोरं. सही बाईची पाहिजे, बोलणं नको. सभेत कोण किती ओरडलं याला किंमत नसते, प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, काय लागलं, सूचक कोण, अनुमोदक कोण, याला असते, हे कळायला मला वेळ लागला.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची. आम्ही काहीजणींनी ती खरीखुरी भरवली. विषय पाण्याचा. नळाला पाणी रात्री अकरानंतर सुटायचं, म्हणजे दिवसभर शेतात राबलेल्या बाईनं हंडे घेऊन जागायचं. एका म्हातारीनं असं काही सुनावलं की मला वाटलं हीच खरी कवी. नंतर रजिस्टर बघितलं तर त्यात एक ओळ: "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली." मी म्हटलं, भाऊसाहेब, असं नका लिहू. पाणी रात्री अकरानंतर सोडू नये, सकाळी सोडावं, अशी मागणी महिलांनी केली, असं लिहा, मग सही करते. ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता, घाईत होता. कुरकुरला, पण लिहिलं. पाण्याची वेळ बदलायला पुढे बराच काळ गेला. पण आता आम्हाला ठराव क्रमांक सांगता येत होता, आणि ठराव क्रमांक सांगणाऱ्या बाईला कार्यालयात बसायला खुर्ची मिळते.

याचा माझ्या कवितेला फायदा झाला. आधी मी "स्त्रीचं दुःख" वगैरे लिहायची. आता रात्री अकराचा नळ लिहिते. म्हणून म्हणते, सोसायटीच्या कमिटीला शत्रू समजू नका. तिथलं इतिवृत्त कोण लिहितं? तुम्ही मागून घ्या. कामवाल्या मावशी लिफ्टबद्दल काय म्हणाल्या ते त्यात शब्दाला शब्द येऊ द्या.

आणि कोऱ्या कागदासमोर बसून काही सुचत नसेल तर चांगदेवांची गोष्ट आठवा. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे, मुक्ताईनगरजवळ. चौदाशे वर्षं तप केलेला योगी, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद पाठवला, आणि मुक्ताईनं त्याची चांगली फिरकी घेतली. चौदाशे वर्षांच्या माणसाला पहिली ओळ सुचली नाही, तिथं आपण ऑफिसातून दमून येऊन रात्री दहाला बसतो.

आता तुमच्या आईचं. येत्या आखाजीला माहेरी जाल ना? गाणी म्हण असं आईला सांगू नका. त्यांच्याबरोबर सांजोऱ्या करायला बसा, किंवा झोक्यावर बसवून मागून झोका द्या, मग आपोआप येतील. मोबाइल चालू करून फडताळात ठेवा, पण आधी आईला सांगून, चोरून नको. "शे" म्हणाल्या तर "आहे" करू नका. गाणं त्यांनी कुणाकडून शिकलं तेही लिहा, आत्याकडून, मावशीकडून, जिच्याकडून असेल तिचं नाव. एखादं कडवं बाहेर द्यायचं नाही म्हणाल्या तर नका देऊ. आणि एखादी ओळ ऐकताना तुमच्या मनात तुमची स्वतःची काही ओळ आली, तर तीही त्याच पानावर समासात लिहून ठेवा, वेगळी वही शोधायला उठू नका. कागद मात्र परातीपासून जरा लांब ठेवा. कणकेनं पुसलेल्या माझ्या काही ओळी अजून लागत नाहीत.