एजंटच्या शोधात निघण्यापूर्वी

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. कादंबरी पुरी झाली हे वाचून बरं वाटलं, पण ‘मला कोणी एजंट पदरात घेईल का?’ हे वाक्य खटकलं. एजंट तुझं पुस्तक प्रकाशकाला विकतो, करारावर घासाघीस करतो आणि तुला मिळालेल्या पैशातून आपला वाटा उचलतो. म्हणजे त्याची चूल तुझ्या लिखाणावर पेटते. तू मात्र परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी बसली आहेस.

आधी पैशाचं बोलू. ए. पी. वॉट या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये हा व्यवसाय रुजवला, तेव्हा त्यांचं कमिशन १० टक्के होतं. आता ते साधारण १५ टक्के असतं. अनुवादाचे किंवा परदेशातले हक्क विकले तर २०, कारण तिथे बहुधा आणखी एक स्थानिक एजंट वाटेकरी असतो. प्रकाशक पैसे एजंटकडे धाडतो, तो आपलं कमिशन कापून उरलेले तुला देतो. पुस्तक विकलं गेलं नाही, तर त्यालाही दमडी मिळत नाही. म्हणून ‘वाचनाची फी’, ‘नोंदणी’, ‘आमच्याच ओळखीच्या संपादकाकडून आधी दुरुस्ती करून घ्या’ असं कोणी म्हणालं, की नमस्कार करून निघायचं. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेतच वाचनाची फी घ्यायला मनाई आहे. ज्याला लेखकाकडूनच पैसे मिळतात, त्याने पुस्तक विकायची धडपड कशाला करावी?

आता तुझ्या कादंबरीकडे येतो. एक लाख नव्वद हजार शब्द! पहिली कादंबरी ऐंशी हजार ते एक लाखाच्या आसपास असली तर एजंट निवांतपणे वाचायला घेतो. दुप्पट आकडा पत्रात दिसला की पुष्कळ जण तिथेच थांबतात. माझ्या मते तुझ्या कादंबरीत मामाच्या खटल्याचा सगळा भाग जास्तीचा आहे. तुला राग येईल, पण दोन दिवसांनी परत वाचून बघ. (कादंबरी पूर्ण करून मगच पाठवायची, हे तुला माहीत आहेच. ललितेतर पुस्तकाचं तसं नसतं, तिथे प्रस्ताव आणि एकदोन नमुना प्रकरणांवर काम भागतं.)

एजंट शोधायची माझी जुनी युक्ती म्हणजे आपल्या जातकुळीची, गेल्या चारपाच वर्षांतली पुस्तकं घ्यायची आणि ऋणनिर्देशाचं पान उघडायचं. लेखक तिथे बहुतेक वेळा एजंटचे आभार मानतात. मग त्या एजन्सीच्या सूचना वाचायच्या. कोणी पहिली तीन प्रकरणं मागतं, कोणी पहिली दहा पानं. जे मागितलंय तेवढंच द्यायचं. सोबतचं पत्र एका पानाचं असू दे. गोष्ट कोणाची, तिच्यापुढे पेच काय, शब्दसंख्या किती आणि तू कोण, एवढं पुरे. घरच्यांना कादंबरी फार आवडली हे लिहू नकोस.

पन्नास जणांना एकदम पाठवू नकोस. सहासात जणांना पाठव आणि थांब. कोणीच पूर्ण हस्तलिखित मागवलं नाही, तर दोष पत्रात किंवा पहिल्या पानांत आहे. मागवलं आणि मग नकार आला, तर सुरुवात जमलीय, पुढे कुठेतरी कादंबरी ढेपाळते आहे. एकाच गठ्ठ्यात सगळे पत्ते संपवलेस, तर हे समजूनही उपयोग नाही, कारण त्याच एजंटकडे तेच पुस्तक सहसा पुन्हा पाठवता येत नाही. काही जण उत्तरच देत नाहीत. तो उद्धटपणा आहे, पण त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

होकार आला की लगेच हो म्हणायचं नाही. एकदोन आठवडे मागून घे, ज्यांच्याकडे हस्तलिखित आहे त्या इतरांना कळव, आणि होकार देणाऱ्याला फोनवर विचार: कादंबरीत काय बदलायला सांगाल? कोणत्या प्रकाशकांकडे पाठवणार? नकार आले तर ते मला दाखवाल का? पुढची पुस्तकंही तुम्हीच बघणार का?

तिसरा प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्या पहिल्या एजंटने वर्षभर ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढंच कळवलं आणि मी भिडेपोटी गप्प बसलो. वेगळे झालो तेव्हा कळलं, की माझं पुस्तक मिळेल त्या प्रकाशकाकडे घाईघाईने फिरवून झालं होतं. नव्या एजंटने यादी मागितली, ती पाहिली आणि म्हणाली, ‘आता हे मी कोणाला दाखवू?’ एकदा नाकारलेलं पुस्तक संपादक सहसा पुन्हा उघडत नाहीत. ती कादंबरी अजून कपाटात आहे. म्हणून पुस्तक कोणाकडे गेलं आणि काय उत्तर आलं, याची यादी वेळोवेळी मागत जा. तो तुझा हक्क आहे.

एजंटबरोबरच्या करारात संबंध तोडायची मुदत बघ; तीस किंवा साठ दिवसांची लेखी सूचना ही नेहमीची रीत. मात्र त्याने विकलेल्या पुस्तकावरचं कमिशन वेगळं झाल्यावरही त्याला मिळत राहतं, ते रास्तच आहे. प्रकाशकाच्या करारात ध्वनिपुस्तक, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे राहतात हे एजंटकडून समजून घे. आगाऊ रक्कम एकरकमी येत नाही: काही सहीच्या वेळी, काही अंतिम हस्तलिखित स्वीकारल्यावर, काही प्रकाशनानंतर. ती रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या तुझ्या वाट्यातून, फिटेपर्यंत पुढचे पैसे सुरू होत नाहीत, तेव्हा नोकरी एवढ्यात सोडू नकोस.

आणि हो, सारांशाच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘ती घरी परतेल का?’ हे मलपृष्ठावर शोभेल. एजंटला शेवट सांगावा लागतो, कारण कादंबरी कुठे पोचते हे त्याला आधी पाहायचं असतं. ती परतते की नाही ते लिही, सारांश दोन पानांत बसव आणि मामाचा खटला कापल्यावर कादंबरी आणि सारांश दोन्ही मला पाठव.

तुझा,
सर